पहिली बास्केट होईपर्यंत

हर्शेल टॅकेटनं शब्द दिला तो जोलीनच्या हॉटेलात, नाश्त्याच्या गर्दीत, चारही कोपऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. शनिवारी ट्रे मॉस्बी आपल्या जिममध्ये पाऊल टाकेल, तेव्हा त्याची पहिली हुर्यो मी उडवणार, असं तो म्हणाला आणि ग्रेव्हीत पावासारखं मऊ बिस्किट बुडवून खाऊ लागला. कटर्स फोर्क गावात हर्शेलचा शब्द म्हणजे टायरमध्ये घुसलेला खिळा, सहजासहजी निघायचा नाही. माणसानं आयुष्यभर टायरचंच दुकान चालवलं. आता दुकान जावई बघतो आणि हर्शेल जावयाला बघतो.

"पहिलीच कशाला?" डेल्बर्ट स्लोननं विचारलं. डेल्बर्ट हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि हर्शेलच्या प्रत्येक वाक्यात बोट घालणं हे आपलं कर्तव्य मानणारा. "दुसरी उडव की. तोवर लोकांचे घसे तरी मोकळे होतील."

"मी उठलो की जिम उठते. मी ओरडलो की जिम ओरडेल."

"आणि ओनीटानं डोळे वटारले की तू बसशील."

हर्शेलच्या बायकोचं नाव निघताच आजूबाजूची टेबलं हसली. हर्शेल हसला नाही. त्यानं जोलीनला हाक मारली आणि म्हणाला, "ते अंड्याचं आण. चीज आणि हॅम घातलेलं."

"नाव आहे त्याला," जोलीन म्हणाली. नाव होतं 'ट्रे ऑम्लेट'. तीन वर्षं ते तिच्या मेनूवर होतं. पोरगा गाव सोडून गेला तरी तिनं ते पुसलं नव्हतं. "नाव घेऊन माग, तर मिळेल."

हर्शेलनं मग नुसतीच कॉफी घेतली.

ट्रे मॉस्बी गावातल्या रेनफ्रो कॉलेजकडून तीन वर्षं बास्केटबॉल खेळला. रेनफ्रोच्या संघाचं नाव खेचरं. बाहेरचे लोक हसतात, गावाला मात्र त्या नावाचा भलता अभिमान. या डोंगरांतून कोळसा बाहेर ओढला तो काय तुमच्या वाघसिंहांनी, असं विचारतात ते. ट्रे लुइव्हिलचा, शहरातला. आला तेव्हा काटकुळा होता आणि कुणाशी बोलायचा नाही. तिसऱ्या वर्षी त्यानं खेचरांना राष्ट्रीय स्पर्धेत नेलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी असं काही होईल ही आशा कधीच सोडून दिली होती. आणि त्याच वसंतात, चेरीला फुलं यायच्या आत, तो सपाटीवरच्या मोठ्या विद्यापीठाकडे निघून गेला. आता कुठल्याशा जुन्या करारामुळे ते विद्यापीठ एक सामना खेळायला डोंगरात येणार होतं, आणि त्यांच्या निळ्या कपड्यांत ट्रे येणार होता.

गावात याबद्दल इतकं बोलून झालं होतं की खरं तर बोलायला काही शिल्लक नव्हतं. तरी बोलणं चालूच होतं.

"आपण त्याला घडवला," कुणी म्हणे.

"त्यानं आपल्याला घडवलं," जोलीन म्हणे. "त्याच्या आधी टीव्हीवाले कधी या रस्त्यानं आले होते का? आले तेही पुराच्या वेळी."

"माझा मुलगा टोयोटाच्या कारखान्यात गेला तेव्हा कुणी त्याची हुर्यो उडवली नाही," डेल्बर्ट म्हणाला. "चांगलं काम मिळालं, गेला. आपण त्याला केक दिला."

"तुझ्या मुलाला कधी तीन माणसांवरून उडी मारून बास्केट करता आली नाही," हर्शेल म्हणाला. "तो गेला काय, राहिला काय."

डेल्बर्टला हे लागायला हवं होतं. पण त्यानं हर्शेलच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिठाची बाटली उगीच इकडची तिकडे केली. कारण हर्शेलचं दुखणं वेगळं आहे हे सगळ्या हॉटेलाला माहीत होतं.

रेनफ्रोची एक रीत आहे. बाहेरून आलेल्या प्रत्येक खेळाडूला गावात एक रविवारचं घर मिळतं. चर्च सुटल्यावर पोरानं त्या घरी जेवायचं, भांडी विसळू लागायची आणि सोफ्यावर हवं तितकं झोपायचं. ट्रेचं रविवारचं घर टॅकेटांचं. ओनीटा टॅकेटनं त्याला तीन वर्षं बीन्स, मक्याचा ब्रेड आणि केळ्याचं पुडिंग खाऊ घातलं. हर्शेलनं त्याला ट्रक चालवायला शिकवलं आणि जावयाला न दिलेलं मासेमारीचं सामान दिलं. ट्रेची आई लोरेटा लुइव्हिलच्या एका रुग्णालयात नर्स होती. इथल्या प्रत्येक सामन्याला ती गाडी हाकत यायची आणि ओनीटाशेजारी बसायची. दोघी मिळून पंचांना जे बोलायच्या ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

पोरगा जाणार हे गावाला फोनवर कळलं. टॅकेटांना मात्र ते त्याच्याच तोंडून कळलं. तो रविवारी आला, नीट जेवला आणि पुडिंग वाढल्यावर म्हणाला, "मिस्टर हर्शेल, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून आलोय." हर्शेलनं सगळं ऐकलं, चमचा ठेवला, उठला आणि गॅरेजमध्ये गेला. गॅरेजमध्ये काही काम नव्हतं. तो बंद ट्रकचं बॉनेट उघडून तसाच उभा राहिला. पोराच्या गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाशी विरेपर्यंत तो बाहेर आला नाही. ओनीटानं उरलेलं पुडिंग डब्यात भरून पोराला दिलं. त्या दिवसापासून हर्शेलच्या घरात ट्रेचं नाव नव्हतं आणि पुडिंगही नव्हतं. पुडिंग बंद करणं हा ओनीटाचा निर्णय होता.

शनिवारी दुपारी जिम लवकरच भरली. टॅकेटांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत, डाव्या कोपऱ्याला लागून. आधी हर्शेलचे वडील तिथे बसायचे. बसायचे म्हणजे आधी उभे राहायचे, कारण रेनफ्रोत सामना सुरू झाला की सगळी जिम उभी राहते आणि खेचरांची पहिली बास्केट होईपर्यंत टाळ्या वाजवत उभीच राहते. पहिली टाळी टॅकेटांची. टॅकेट बसले की मग बाकीच्यांनी बसायचं. असं का, ते कुणी विचारत नाही. एका वर्षी बास्केट होता होईना, तेव्हा डेल्बर्टच्या सासूबाईंना भोवळ आली, पण त्या दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उभ्याच राहिल्या. बाईंनी आयुष्यात माझ्यासाठी कधी एवढं केलं नाही, असं डेल्बर्ट अजून सांगतो.

त्या डाव्या कोपऱ्यात मैदानाची एक फळी मेलेली आहे. तिच्यावर चेंडू आपटला की वर येत नाही, तिथेच बसकण मारतो. पाहुण्या संघांची तिथे फजिती होते आणि गाव मजा बघतं. ट्रेची पहिल्या आठवड्यात तीच फजिती झाली होती. तेव्हा हर्शेल रांगेतून ओरडला होता, "आपटू नकोस रे. घे आणि मार." पोरानं त्याच्याकडे वळून पाहिलं, मान डोलावली आणि त्या वर्षी रोज सरावानंतर त्याच कोपऱ्यात उभा राहून चेंडू न आपटता मारत राहिला. पुढे तीन वर्षं तोच कोपरा त्याचा झाला. पहिली बास्केट बहुतेक वेळा तिथूनच पडायची, आणि चेंडू जाळीत जाताच हर्शेल टेकायचा, त्याच्यामागे सगळी जिम टेकायची.

सामन्याआधी लोरेटा आत आली. पाहुण्यांच्या बाजूला तिच्यासाठी जागा होती. ती तिकडे गेली नाही. निळा कोट घालून खेचरांच्या हिरव्या रंगातल्या भर गर्दीतून ती चालत आली आणि ओनीटाशेजारच्या आपल्या जुन्या खुर्चीत बसली. हातात ओनीटाचा डबा होता.

"पेकानच्या कुकीज आहेत," ती म्हणाली. "रिकामा डबा परत करायची पद्धत माझ्या आईकडे नव्हती."

"आमच्याकडेही नाही," ओनीटा म्हणाली आणि तिचा हात धरून बसली.

मग लोरेटा पुढे वाकली. "मिस्टर हर्शेल, ऐकलं की तुम्ही घसा राखून ठेवलाय."

"कुणी सांगितलं?"

"जोलीननं. मी आत्ता तिथेच खाल्लं. ट्रे ऑम्लेट."

डेल्बर्टनं खिशातून रुमाल काढून त्यात तोंड लपवलं. हर्शेल समोरच्या भिंतीवरच्या झेंड्याकडे पाहत म्हणाला, "मी शब्द दिलाय, मिस लोरेटा."

"मग पाळा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "फक्त तो माझ्याकडे बघून पाळा."

आठवडाभर त्यानं मनातल्या मनात हजार उत्तरं तयार केली होती, पण ती सगळी पोरासाठी होती. आईसाठी त्यानं एकही तयार केलं नव्हतं.

पाहुण्यांची नावं पुकारली जाऊ लागली. ट्रेचं नाव आलं तेव्हा विद्यार्थ्यांच्या टोकाकडून थोडी हुर्यो उठली. कॉलेजात नुकती आलेली पोरं ती, त्यांनी ट्रेला इथे खेळताना पाहिलंही नव्हतं. बाकीच्या जिमनं डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. हर्शेल उठला. त्यानं छाती भरून श्वास घेतला. ट्रे धावत मैदानाच्या मध्यावर आला आणि खाली बुटांकडे बघत उभा राहिला. ताटात कलेजी आली की ओनीटाच्या टेबलावर तो असाच खाली बघायचा, नको म्हणायची हिंमत नसायची. हर्शेलच्या तोंडाचा चंबू झाला, आवाज निघाला, आणि तो आवाज खोकला निघाला. एकदा सुरू झाल्यावर तो थांबेना. निष्ठा म्हणून डेल्बर्टही खोकला. त्यांच्या मागच्या दोन रांगांना काय करायचं ते कळेना, म्हणून त्यांनीही घसे खाकरले.

"पाणी पी," ओनीटा म्हणाली. "शब्द अडकला असेल."

हर्शेल पाणी प्यायला. शब्द मोडला होता आणि हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. त्याला स्वतःचा राग आला, पोराचा आला, आणि छातीत कुठेतरी बरंही वाटलं. या तिसऱ्या गोष्टीचाच त्याला जास्त राग आला.

एवढ्यात डेल्बर्टनं त्याला कोपरानं ढोसलं. "ते बघ. बाजू कुठली घेतली त्यांनी."

आधी कुठल्या जाळीत चेंडू मारायचा ते पाहुणे ठरवतात, आणि हर्शेलच्या आरड्याओरड्यापायी आजवर प्रत्येक पाहुण्या संघानं पलीकडची जाळी मागून घेतली होती. आज निळ्यांनी ही घेतली होती, मेलेल्या फळीची.

"त्यानंच सांगितलं असणार," डेल्बर्ट म्हणाला.

"गप बस आणि टाळ्या वाजव," हर्शेल म्हणाला.

चेंडू वर उडाला. हर्शेलनं पहिली टाळी दिली आणि जिम त्याच्यामागे घुमू लागली. खेचरांनी पहिला चेंडू जाळीच्या कड्यावर मारला. दुसरा तर कड्यालाही लागला नाही. टाळ्यांचा जोर वाढला. गाव उभं होतं, म्हातारी माणसं, पोटुशा बाया, कडेवर मुलं घेतलेले बाप, सगळे. निळ्यांनी चेंडू खाली आणला. एकानं तो डाव्या कोपऱ्यात फेकला आणि तिथे ट्रे होता. अगदी हर्शेलच्या समोर, इतका जवळ की बुटांचा चर्र आवाज ऐकू आला. अंगावर धावून येणाऱ्या खेचराला वाटलं, हा आता चेंडू आपटून आत शिरणार. ट्रेनं आपटला नाही. घेतला आणि मारला.

चेंडू जाळीत शिरला, आणि हर्शेल टॅकेट खाली बसला.

त्यानं ठरवलं नव्हतं. त्याच्या गुडघ्यांनी ठरवलं. तीन वर्षं त्या कोपऱ्यातून ते हात वर गेले, चेंडू पडला आणि गुडघे वाकले. कपड्यांचा रंग गुडघ्यांना दिसत नाही. टॅकेट बसले म्हणून डेल्बर्ट बसला, त्याच्यामागची रांग बसली, तिच्यामागची बसली, समोरची बाजू बसली, आणि पापणी लवायच्या आत सगळी रेनफ्रोची जिम आपापल्या खुर्चीत सुखानं टेकली. परक्या संघाची बास्केट झाल्यावर.

लोकांना आपण काय केलं ते हळूहळू कळू लागलं. मैदानावर ट्रे परत पळायचं सोडून तसाच उभा राहिला होता. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सगळं गाव बसलेलं पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याचा नवा प्रशिक्षक कडेवरून काहीतरी ओरडत होता. ते त्याला ऐकू येत होतं असं दिसलं नाही.

"हर्शेल," डेल्बर्ट कुजबुजला. "ऊठ. आपली बास्केट झालेली नाही."

हर्शेलनं समोरच्या पोराकडे पाहिलं. काटकुळा राहिला नव्हता आता. खांदे भरले होते, नजर बदलली होती. हात मात्र तेच होते, मनगट तेच होतं. सपाटीवरच्या त्या भल्यामोठ्या विद्यापीठात, कुठल्या कुठल्या देशांतून आलेल्या पोरांत, यांचा पहिला चेंडू आमच्या पोराच्या हातात गेला होता. हर्शेलचा ऊर इतका भरून आला की खोकला पुन्हा येतो की काय असं त्याला वाटलं.

"झाली की," तो मोठ्यानं म्हणाला. "आपलीच झाली."

आणि मग तो उठला. सावकाश, खुर्चीच्या पाठीला धरून. त्यानं टाळी दिली. एकच, पहिली. लोरेटा त्याच्याआधीच उठलेली होती आणि तिचे गाल ओले होते. मागोमाग जिम उठली, आणि त्या दिवशी छपराखाली जो आवाज झाला तो खेचरांच्या कुठल्याच विजयाला झाला नव्हता. विद्यार्थ्यांच्या टोकाची पोरंही उठली, त्यांना कशासाठी ते नीटसं कळलं नव्हतं तरी.

खेचरांची बास्केट पुढे झाली, जिम रीतीप्रमाणे बसली, आणि शेवटी खेचरं थोडक्यात हरली. ट्रेनं आपल्या जुन्या संघाला काही सोडलं नाही. सोडलं असतं तर हर्शेलनं खरंच हुर्यो उडवली असती.

सामना संपल्यावर तो कोपऱ्याशी आला. आईला मिठी मारली, ओनीटाला मारली, आणि हर्शेलसमोर हात मागे बांधून उभा राहिला.

"मिस्टर हर्शेल, तुम्ही बसलात."

"गुडघे दुखत होते."

"माझ्या बास्केटला बसलात."

"दुखणं काय वेळ बघून येतं?" हर्शेल म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते पुरेसं वाटलं नाही. "त्या दिवशी मी पुडिंग टाकून उठलो. तसं उठायला नको होतं. तू आमचा आहेस, कुठेही खेळ. एवढं तेव्हाच म्हणायचं होतं, तर मी जाऊन ट्रकच्या इंजिनाला म्हणालो."

"इंजिन काय म्हणालं?"

"सुरूच होत नाही ते. काय म्हणणार."

पोरगा हसला, आणि हर्शेलनं त्याला असं कवटाळलं की बसवाल्याला दोनदा हॉर्न द्यावा लागला.

मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत निळ्यांचा सामना टीव्हीवर होता. खेचरांचा हंगाम संपलेला होता. दुपारी जोलीनच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सगळ्यांच्या पुढ्यात ताटं निवत होती, कारण कुणी बसलेलं नव्हतं. हर्शेल टीव्हीखाली सर्वांत पुढे, त्याच्याशेजारी ओनीटा, मागे डेल्बर्ट. टाळ्या चालू होत्या. हमरस्त्यावरून वाट चुकून आत आलेला एक ट्रकवाला दारातच थबकला. त्याला बसायला रिकाम्या खुर्च्या भरपूर दिसत होत्या, आणि एकही माणूस बसलेला दिसत नव्हता.

"काय झालं?" त्यानं जोलीनला विचारलं. "कुणी गेलं का?"

"आमचा पोरगा खेळतोय," जोलीन म्हणाली. "त्यानं अजून खातं उघडलेलं नाही. टोपी काढ आणि उभा राहा. त्याची बास्केट झाली की तुला त्याचंच ऑम्लेट देते."

ट्रकवाल्यानं टोपी काढली आणि तोही भिंतीला टेकून उभा राहिला.

"हर्शेल, तुझे गुडघे," ओनीटा हळूच म्हणाली. "बस आता."

"त्याची होऊ दे," हर्शेल म्हणाला आणि टाळ्या वाजवत राहिला.